भिंत आणि धावपटू : बॅरी सँडर्सच्या दहा वर्षांचा इतिहास

इतिहास नावांचा असतो, असे आपण शाळेत शिकतो. ताजमहाल म्हटले की शहाजहान आठवतो, पण दगड घडवणारे हात आठवत नाहीत. खेळाच्या इतिहासातही हेच घडते. अमेरिकन फुटबॉलमध्ये या सवयीचे एक ठळक उदाहरण आहे: बॅरी सँडर्स. 1989 ते 1998 ही दहा वर्षे तो डेट्रॉईट लायन्स या एकाच संघाकडून खेळला. दहा वर्षांत 15,269 यार्ड धावला, प्रत्येक धावेमागे सरासरी 5 यार्ड. एवढे असूनही त्याच्या वाट्याला बाद फेरीतला फक्त एक विजय आला. असे का झाले, हा प्रश्न केवळ खेळाचा नाही.

आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. तिथे चेंडू हातात घेऊन पुढे जायचे असते. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडून पाडले की चढाई संपते, तसेच इथे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडले की ती चाल संपते. या पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. कबड्डीतला चढाईपटू मात्र एकटा जातो. रनिंग बॅकच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची रांग असते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. ही झाली ऑफेन्सिव्ह लाइन. समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करणे हे तिचे काम. हे पाच जण चेंडूला क्वचितच हात लावतात. धावफलकावर त्यांच्या नावापुढे आकडा नसतो. ते चुकले तरच त्यांचे नाव घेतले जाते.

सँडर्सचा जन्म 1968 सालचा, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातला. घरात अकरा भावंडे. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो आधी थर्मन थॉमसच्या मागे राखीव खेळाडू होता. थॉमस गेल्यावर 1988 मध्ये त्याला पूर्ण संधी मिळाली आणि अकरा सामन्यांत त्याने 2,628 यार्ड काढले. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइझमन ट्रॉफी त्याच वर्षी त्याला मिळाली.

1989 च्या व्यावसायिक निवडीत तो तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. दुसऱ्या क्रमांकावर ग्रीन बे संघाने टोनी मँडरिचला घेतले. तो ऑफेन्सिव्ह लाइनचा खेळाडू होता. म्हणजे भिंतीची किंमत संघांना कळत नव्हती असे नाही. पण मँडरिच ग्रीन बेकडे अपयशी ठरला. त्या वर्षीच्या पहिल्या पाचांपैकी बाकीचे चौघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले, तो तेवढा नाही. चांगला धावपटू ओळखणे सोपे असते. चांगली भिंत उभी करणे अवघड, कारण ती एका माणसाची नसते आणि एका वर्षात बांधून होत नाही.

डेट्रॉईटची भिंत कायम वाईटच होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डावा टॅकल लोमास ब्राऊन आणि सेंटर केविन ग्लोव्हर हे दोघे आपापल्या जागी उत्तम होते. अडचण सातत्याची होती. दोघे भक्कम आणि शेजारची जागा डळमळीत असली, तर समोरचा संघ नेमका तिथूनच आत घुसतो. त्यात लायन्सने त्या काळात ‘रन अँड शूट’ नावाची पद्धत स्वीकारली होती. तिच्यात चेंडू झेलणारे जास्त आणि अडवणारे कमी असतात. त्यामुळे आधीच कमी असलेले संरक्षण आणखी विरळ झाले. सँडर्सला अनेकदा चेंडू हातात येताच समोर वाटेऐवजी माणूस दिसायचा. मग तो मागे फिरायचा, गिरकी घ्यायचा, दुसऱ्या टोकाला धाव घ्यायचा. आज आपण ज्या चित्रफिती पाहून थक्क होतो, त्यांतल्या कितीतरी मुळात कोसळलेल्या चालीच्या आहेत.

1991 साल हा या इतिहासाचा गाभा. त्या वर्षी सगळे जुळून आले. 17 नोव्हेंबरच्या सामन्यात गार्ड माइक उटलीच्या मानेला जबर इजा झाली आणि त्याला कायमचा पक्षाघात झाला. स्ट्रेचरवरून जाताना त्याने अंगठा वर करून सहकाऱ्यांना धीर दिला. त्यानंतर नियमित हंगामात लायन्स एकही सामना हरले नाहीत. 12 विजय आणि 4 पराभव. जानेवारी 1992 मध्ये त्यांनी डॅलसला 38-6 असे हरवले. हा 1957 नंतरचा त्यांचा बाद फेरीतला पहिला विजय होता. पुढच्या सामन्यात वॉशिंग्टनने त्यांना 41-10 ने हरवले.

मग जून 1992 मध्ये दुसरा गार्ड एरिक अँडोल्सेक लुइझियानातल्या आपल्या घराच्या अंगणात काम करत असताना रस्ता सोडून आलेल्या ट्रकखाली सापडून मरण पावला. सात महिन्यांत दोन्ही गार्ड गेले. पुढच्या हंगामाचा निकाल होता 5 विजय आणि 11 पराभव.

आता सँडर्सचे आकडे बघा. 1991 मध्ये 1,548 यार्ड, 1992 मध्ये 1,352. धावपटूचा आलेख थोडा उतरला, संघाचा मात्र पार कोसळला. या पडझडीला इतर कारणेही असतील. पण एकट्याचे हुनर संघाला किती अंतरापर्यंत नेऊ शकते, याचा हिशेब या दोन ओळींत आहे.

तुलनेला त्याच काळातला डॅलसचा एमिट स्मिथ आहे. त्याच्यापुढची रांग इतकी भक्कम होती की तिला ‘डॅलसची महाभिंत’ म्हणत. त्याने तीन सुपर बोल जिंकले आणि एकूण 18,355 यार्डांचा विक्रम केला. सँडर्सचे चाहते म्हणतात, त्या भिंतीमागे कोणीही धावला असता. पण 1993 मध्ये कराराच्या वादामुळे स्मिथ पहिले दोन सामने खेळला नाही. भिंत तीच होती, तरी डॅलस दोन्ही सामने हरले. म्हणजे नुसती भिंतही पुरत नाही. आणि सँडर्सच्या बाजूने बोलताना हेही मान्य करावे लागते की तो ठरलेल्या वाटेने क्वचितच जायचा. तो कुठे वळेल हे त्याच्या पुढच्या पाचांनाही माहीत नसायचे. अशा माणसासाठी वाट मोकळी करणे हीसुद्धा कसोटीच. 31 डिसेंबर 1994 रोजी ग्रीन बेने त्याला 13 धावांत उणे 1 यार्डावर रोखले, तेव्हा दोष कोणा एकाचा नव्हता.

1997 मध्ये बॉबी रॉस नवे प्रशिक्षक झाले. पहिल्या दोन सामन्यांत सँडर्सला मिळून फक्त 53 यार्ड मिळाले. पुढच्या चौदाही सामन्यांत त्याने शंभरचा टप्पा ओलांडला आणि हंगामाअखेर 2,053 यार्ड पूर्ण केले. त्याच्यापुढे अडवायला टॉमी वार्डेल नावाचा फुलबॅक होता. एक जास्तीचा माणूस पुढे उभा राहिला की काय होते, ते त्या वर्षी दिसले.

पण तोवर भिंतीच्या विटा निघत चालल्या होत्या. ब्राऊन 1996 मध्ये दुसऱ्या संघात गेला, ग्लोव्हर 1998 मध्ये. त्या वर्षी लायन्स पुन्हा 5-11. जुलै 1999 मध्ये सँडर्सने आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. वय 31. वॉल्टर पेटनच्या 16,726 यार्डांच्या विक्रमापासून तो 1,457 यार्ड दूर होता. आधीच्याच हंगामात त्याने 1,491 काढले होते. एका वर्षाचे काम. ते त्याने केले नाही. करारापोटी मिळालेल्या रकमेचा काही भाग लवादाच्या निर्णयाने त्याला परत करावा लागला. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिले की दुखणे शरीराचे नव्हते. जिंकून देऊ शकणारी माणसे संघ हातची जाऊ देतो आणि जिंकण्याची जिद्द उरलेली नाही, हे त्याला सहन होईना.

आकड्यांसाठी खेळणारा तो कधीच नव्हता. पदार्पणाच्या हंगामात, 1989 च्या शेवटच्या सामन्यात, धावांच्या अग्रस्थानासाठी त्याला फक्त 10 यार्ड कमी पडत होते. सामना जिंकलेला होता. पुन्हा मैदानात जाण्याची मुभा असूनही तो गेला नाही. दहा वर्षांनी पेटनचा विक्रम सोडणारा हाच माणूस होता. लोकांना धक्का बसला, कारण त्यांनी आकडे पाहिले होते, स्वभाव पाहिला नव्हता.

शिक्षक म्हणून या इतिहासातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गुणी मुलगा दिसला की आपण म्हणतो, हा कसाही पुढे जाईल. मग त्याच्या शाळेला ग्रंथालय आहे का, घरी अभ्यासाला कोपरा आहे का, गणिताचा शिक्षक वर्षभर टिकतो का, हे विचारायचे राहून जाते. तो खरेच पुढे गेला, तर त्याचेच उदाहरण देऊन आपण बाकीच्यांना गप्प करतो. सँडर्सच्या प्रत्येक अफलातून धावेने डेट्रॉईटच्या व्यवस्थापनाला हीच सोय करून दिली. तो आहे ना, मग भिंतीची घाई कशाला? असामान्य माणूस व्यवस्थेचे दोष झाकतो, आणि ते झाकता झाकता स्वतः झिजतो.

लायन्सला बाद फेरीतला पुढचा विजय मिळायला जानेवारी 2024 उजाडावे लागले. मध्ये 32 वर्षे गेली. सँडर्स 2004 मध्येच हॉल ऑफ फेममध्ये गेला होता. त्याचे नाव सगळ्यांना माहीत आहे. उटली आणि अँडोल्सेक यांची नावेही त्याच पानावर लिहायला हवीत. कारण सँडर्सच्या दहा वर्षांत संघाने जो एक बाद फेरीचा सामना जिंकला, तो ज्या हंगामात जिंकला, त्या हंगामाची वाट या दोघांनीही मोकळी करून दिली होती.