नौदलप्रमुख ते नायब राज्यपाल : अॅडमिरल डी. के. जोशी

अंदमान आणि निकोबार बेटांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८० हजार, म्हणजे जवळपास एकट्या धुळे शहराएवढी. या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही. राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले नायब राज्यपाल तेथील कारभार पाहतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही जबाबदारी माजी नौदलप्रमुख अॅडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांच्याकडे आली.

४ जुलै १९५४ रोजी अल्मोडा येथे जन्मलेले जोशी १९७४ मध्ये नौदलात अधिकारी झाले. पाणबुडीविरोधी युद्धतंत्र हा त्यांचा विशेष अभ्यासविषय. ‘कुठार’, ‘रणवीर’ आणि विमानवाहू ‘विराट’ या युद्धनौकांचे नेतृत्व त्यांनी केले. अंदमानातील तिन्ही दलांच्या संयुक्त कमानीचे आणि नंतर मुंबईतील पश्चिम नौदल कमानीचेही ते प्रमुख होते. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांनी नौदलाची सूत्रे स्वीकारली.

त्यांच्या कारकिर्दीला कलाटणी मिळाली ती मुंबईत. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईनजीकच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडी धुराने भरली आणि दोन अधिकाऱ्यांचा बळी गेला. त्याच दिवशी जोशी यांनी राजीनामा दिला. मुदतीचे वर्षाहून अधिक शिल्लक होते. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा देऊन तो मागे घेतला होता; दुर्घटनांची नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडणारे जोशी हे मात्र पहिलेच सेनादलप्रमुख ठरले. जुन्या पाणबुड्यांच्या दुरुस्तीला व नव्यांच्या खरेदीला झालेल्या विलंबाचे उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न त्या वेळी अनुत्तरितच राहिला.

साडेतीन वर्षांनी ते परिचित बेटांवर परतले. त्यांच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, चेन्नईहून समुद्रतळाशी टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली आणि उपग्रहावर विसंबलेल्या बेटांना वेगवान इंटरनेट मिळाले. ग्रेट निकोबारवरील बंदर, विमानतळ व नवनगराच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यातून वर्षावने आणि शोम्पेन, निकोबारी आदिवासींच्या भवितव्याचा वाद पेटला.

विधानसभा नसलेल्या प्रदेशात प्रशासकाला जाब विचारणारे सभागृह नसते. तेथे उत्तरदायित्व बरेचसे पदावरील व्यक्तीच्या विवेकावर अवलंबून राहते. म्हणूनच जोशी यांच्या कारकिर्दीचा विचार करताना मुंबईतील तो राजीनामा विसरता येत नाही.