केशवर्धक प्रसाधने आणि ग्राहकाचा विश्वास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

भिवंडी तालुक्यातील काल्हेर हे मूळचे खाडीकाठचे, भातशेतीचे गाव. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल साठविण्याच्या सोयीमुळे या परिसरात गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. ऑनलाइन विक्रीच्या काळात अशा गोदामांतून घरोघर पोहोचणाऱ्या मालात महिनाभरात घनदाट केसांची हमी देणाऱ्या बाटल्याही असतात. त्या विकत घेणारा ग्राहक बहुधा शिकलेला असतो. म्हणूनच ‘अज्ञान’ हे नेहमीचे उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

केसांचे सामाजिक मूल्य :

महाराष्ट्रात केस ही निव्वळ शारीरिक बाब कधीच नव्हती. विधवेचे केशवपन ही तिच्या सामाजिक मृत्यूची खूण होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये या कामास नकार दिला, ही घटना आपण सुधारणेच्या इतिहासात शिकवितो. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच पाहिली जाते. जेथे केस काढणे ही शिक्षा होती, तेथे केस गळण्याचे भय किती खोल असेल! विवाह जुळविताना आजही लांबसडक केसांची चौकशी होतेच.

याच भयावर नवा बाजार उभा राहिला. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ तेलाच्या प्रसारासाठी १८९६ मध्ये चक्क कथास्पर्धा सुरू केली. पहिले पारितोषिक मिळाले शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना. त्यांच्या कथेत तेलाची बाटली समुद्रातील वादळ शांत करते. विज्ञानाचा उपासकही जाहिरातीच्या खेळात गमतीने सामील झाला होता. मुंबईत पुढे ‘कामिनिया ऑइल’सारख्या तेलांनी नियतकालिकांची पाने व्यापली.

अनुभवाचा पुरावा :

तथापि केवळ जाहिरातीने विश्वास शतकभर टिकत नाही. त्याला अनुभवाचा आधार लागतो, आणि येथेच खरी मेख आहे. विषमज्वर, बाळंतपण किंवा मोठा मानसिक ताण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात. बहुतेकांचे ते पुढील सहा महिन्यांत आपोआप पूर्ववत होऊ लागतात. घाबरलेला माणूस नेमका गळती शिगेला असताना तेल आणतो. गळती ओसरते आणि श्रेय तेलाला मिळते. आमच्या घरी विषमज्वरानंतर असेच एक तेल आले होते. केस परत आले, तेव्हापासून आमच्या मातोश्री ते सर्वांना सुचवितात. त्या खोटे बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिले तेच सांगतात. ज्यांना गुण येत नाही ते लाजेने गप्प राहतात, त्यामुळे कानावर येते ती यशाचीच कथा. आनुवंशिक टकलावर ज्या मिनोक्सिडिलचा परिणाम सिद्ध झाला आहे, तेही महिनोन्‌महिने वापरावे लागते आणि थांबविल्यास लाभ ओसरतो. एवढा धीर बाजारात विकला जात नाही.

कायद्याने प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९६२ च्या दुरुस्तीने औषध कायद्याच्या कक्षेत आलेली सौंदर्यप्रसाधने, टक्कल बरे करण्याचा दावा निषिद्ध ठरविणारी ‘अनुसूची जे’ आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम अशी ही साखळी आहे. उत्पादकांनी मात्र शब्द बदलले. ‘केस उगवतात’ याऐवजी ‘गळती कमी होते’, आणि बारीक अक्षरांत ‘तुटण्यामुळे होणारी’. केस मुळापासून गळणे आणि मधेच तुटणे यांतील फरक किती ग्राहक जाणतात?

गुण खरोखर आला तरी धोका टळतोच असे नाही. अकोल्यातील एक तरुणी, तिची आई व बहीण यांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे प्रकरण २०२३ मध्ये प्रकाशात आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या वापरीत असलेल्या गोरेपणाच्या मलमात पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, त्यामुळे कांती खरोखरच उजळली होती. मुलीची उजळलेली कांती पाहूनच आईने व बहिणीने ते मलम लावण्यास आरंभ केला होता.