जबड्याचें माप आणि कवळी

त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण आहेत, असें मीं पस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. स्वतःचे दांत गेल्यावर त्या नांवाचा खरा अर्थ मला कळला. पहिली कवळी बसवून नातवास ‘दत्ता’ अशी हांक मारली, तों त्याला स्वतःचें नांव ओळखूं येईना! कवळी सुबक होती. पण माझ्या जबड्यास जुळत नव्हती.

हें दुःख थोरांनाहि चुकलें नाहीं. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ सालीं अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांच्या मुखांत स्वतःचा एकच दांत उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्यानें त्यांना पाणघोड्याच्या दांतांतून कवळी कोरून दिली. तिचे दोन भाग स्प्रिंगांनीं जोडलेले असल्यानें तोंड मिटण्यासहि जोर लागे. ओठ फुगून पुढें येतात, अशी तक्रार वॉशिंग्टननीं पत्रांतून केली आहे. कारागिरी होती, उणें होतें तें मापांत.

तत्पूर्वीं १७५६ सालीं बर्लिनच्या फिलिप फाफ यांनीं मेणांत हिरड्यांचा ठसा घेऊन त्यांत प्लास्टर ओतण्याची रीत ग्रंथांत दिली होती. पण ठशानें आकार कळतो, हालचाल कळत नाहीं. खालचा जबडा तर कानांपुढील दोन सांध्यांवर हालतो.

एकोणिसाव्या शतकांत फिलाडेल्फियाचे डॉ. विल्यम बॉनविल यांनीं पुष्कळ जबडे मोजून सिद्धांत मांडला कीं, हे दोन सांधे आणि खालच्या मधल्या दोन दांतांमधील बिंदु जोडल्यास समभुज त्रिकोण होतो, व त्याची प्रत्येक बाजू सुमारें ४ इंच असते. त्या मापाच्या यंत्रावर ते कवळी जुळवीत. ही मोठीच प्रगति होती. तथापि ४ इंच ही सरासरी, आणि सरासरी कोणाच्याच तोंडांत नसते. म्हणून पुढें जॉर्ज स्नो यांनीं ‘फेसबो’ नांवाची कमान प्रचारांत आणली. ती चेहऱ्यास लावून त्याच मनुष्याच्या सांध्यांपासून वरचा जबडा कोठें आहे, तें यंत्रावर उतरवितां येतें.

माझी दुसरी कवळी अशीच मापें घेऊन झाली. शिवाय, दांत गेल्यावर जबड्याचें हाड वर्षानुवर्षें झिजतें. तेव्हां एकदां घेतलेलें माप जन्मभर पुरत नाहीं. ज्यांची कवळी डबींत पडून आहे, त्यांनीं नशिबास बोल न लावतां पुन्हां माप द्यावें. दत्ता आतां पहिल्या हांकेस ओ देतो.