पासष्टावी पलटण

माँट्रियलमध्ये १८ जून १८६९ रोजी फ्रेंच बोलणाऱ्यांची एक पायदळ पलटण उभी राहिली, आणि तिचं नाव ठेवलं गेलं इंग्रजी : माउंट रॉयल रायफल्स. कॅनडाचं संघराज्य तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. इंग्रजांच्या फौजा मायदेशी परतायच्या बेतात होत्या, आणि अमेरिकेच्या बाजूने आयरिश फेनियन बंडखोरांच्या धाडींची धास्ती होती. सरहद्द सांभाळायची तर ती गावातल्याच माणसांनी, दिवसा पोटापाण्याचं काम करून संध्याकाळी कवायत करणाऱ्यांनी. या पलटणीला लवकरच ६५ हा क्रमांक मिळाला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ती 'पासष्टावी' म्हणूनच ओळखली गेली. आज ती 'ले फ्युझिलिए माँ-रोयाल' आहे. अजूनही राखीव, अजूनही माँट्रियलची.

तिचा पहिला रणसन्मान १८८५चा, आणि त्या मोहिमेतच तिच्या इतिहासातला मोठा पेच दिसतो. वायव्येकडच्या माळरानात लुई रिएलच्या नेतृत्वाखाली मेती, म्हणजे युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाचे लोक, उठले होते. रिएल फ्रेंच बोलणारा, कॅथलिक. माँट्रियलच्या क्वेबेक प्रांतात त्याच्याबद्दल आपलेपणा होता. त्याच्या बंडाविरुद्ध पासष्टावीला हुकूम आला. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला रेल्वेमार्ग तुटक होता. मधले टप्पे पोरांनी घसरगाड्यांतून आणि बर्फातून पायी ओलांडले. पुढे कॅलगरी, मग एडमंटनपर्यंत कूच. मेतींशी मात्र त्यांची गाठ पडलीच नाही. जनरल स्ट्रेंजच्या तुकडीत त्यांना बिग बेअर या म्होरक्याच्या क्री लोकांच्या मागावर धाडलं होतं, आणि २८ मे रोजी फ्रेंचमन्स ब्यूटला दलदलीच्या ओढ्यापाशी चकमक झाली. निकाल काही लागला नाही; सैन्यच मागे हटलं. जुलैत माँट्रियलने त्यांचं जंगी स्वागत केलं. नोव्हेंबरात रिएलला फाशी दिलं, आणि तेच शहर संतापून रस्त्यावर आलं. या दोन्ही गर्दींत एकाच घरातली माणसं असणार, असं मला वाटतं. ही पलटण समजून घ्यायची तर ते घर डोळ्यांपुढे ठेवावं लागतं.

पहिल्या महायुद्धात पलटण एकसंध गेली नाही. तिची माणसं १४व्या आणि २२व्या बटालियनमध्ये वाटली गेली. तिच्या नावाने उभारलेली १५०वी बटालियनही मोडून इतरांच्या भरतीत घातली. त्या बटालियनचा वारसा पुढे पलटणीकडेच आला. १९२०मध्ये क्रमांक गेला, 'काराबिनिए', म्हणजे रायफलवाले, हे फ्रेंच नाव अधिकृतपणे राहिलं, आणि १९३१मध्ये 'फ्युझिलिए' आलं. हा बदल वरवरचा नव्हता. रायफल पलटणी निशाण बाळगत नाहीत, फ्युझिलियर बाळगतात. रणसन्मान रेशमावर भरायची सोय आता झाली.

आणि मग दिएप.

२७ एप्रिल १९४२ला कॅनडाने सक्तीच्या भरतीवर कौल घेतला. क्वेबेकमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटलं. त्याला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा १९ ऑगस्टच्या सकाळी स्वखुशीने आलेली ही पोरं प्लायवूडच्या २६ बोटींतून जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर, दिएपकडे निघाली. ती खरं तर राखीव कुमक होती. पहिली लाट पुढे सरकतेय असा चुकीचा समज जहाजावर झाला आणि त्यांना आत सोडलं गेलं. प्रवाहाने कित्येक बोटी कड्याखाली लोटल्या. तिथून पुढे वाट नव्हती. ५८४ जण निघाले होते, १२५ इंग्लंडला परतले.

सार्जंट पिएर द्युब्युक मूठभर साथीदारांसह पार गोदीपर्यंत घुसला. गोळ्या संपल्या, शरण जावं लागलं. जर्मनांनी त्यांचे कपडे उतरवले आणि राखणीला एकच शिपाई ठेवला. द्युब्युकने त्याला लोळवलं आणि अंतर्वस्त्रांनिशी गावातून धावत पुन्हा समुद्रकाठ गाठला. तिथे त्याचा सेनानी लेफ्टनंट कर्नल दोलार मेनार पाच जखमा घेऊन पडला होता.

मेनार तेव्हा एकोणतीस वर्षांचा. युद्धाआधी त्याने हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर नोकरी केली होती. तो वाचला, आणि सरकारी युद्धभित्तिपत्रकांवर त्याचा चेहरा क्वेबेकभर झळकला.

पलटण पुन्हा भरावी लागली. जुलै १९४४मध्ये ती नॉर्मंडीत उतरली. त्रोतवाल नावाची शेतवाडी जिंकून देणारा मेजर झाक देकस्त्राझ १९४० साली याच पलटणीत साधा शिपाई म्हणून दाखल झाला होता. ऑगस्टमध्ये फालेझमधल्या शाळेच्या इमारतीत ठाण मांडून बसलेल्या हिटलर युथच्या पोरांशी ती लढली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅनडाच्या दुसऱ्या डिव्हिजनने मुक्त झालेल्या दिएपमध्ये संचलन केलं.

देकस्त्राझ पुढे १९७२ ते १९७७ कॅनडाच्या सर्व सेनादलांचा प्रमुख झाला. आणि १९८०मध्ये क्वेबेकच्या सार्वभौमत्वावर जनमत घेतलं गेलं, तेव्हा दिएपच्या जखमा अंगावर वागवणारा मेनार 'होय'च्या बाजूने उभा राहिला.