ठराव आणि पाणी

दरवर्षी मी वर्गात १८६१, १८९२, १९०९ आणि १९१९ चे कायदे शिकवतो. कौन्सिलात नेमलेले किती, निवडलेले किती, हे मुले घोकून पाठ करतात. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, यात आपण कुठे होतो?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. विद्यार्थी असताना हा प्रश्न मलाही पडला होता. विचारायचे धाडस झाले नव्हते.

१९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. त्याच वर्षीच्या कायद्याने मत तोलले ते सारा आणि कर यांच्या तागडीत. ज्याला जमीन नाही त्याला मत कुठले? मुंबई कौन्सिलच्या शंभरावर जागांपैकी अस्पृश्यांच्या वाट्याला एक आली, तीही सरकारनियुक्त. आमचा प्रतिनिधी गव्हर्नर ठरवणार!

तरीही याच कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे कागदावर खुले केले. पाण्याला हात लागला तो मात्र २० मार्च १९२७ ला, आणि त्याच दिवशी आमच्या माणसांची डोकी फुटली. ऑगस्टात नगरपालिकेने स्वतःचा ठराव फिरवला. सवर्णांनी लावलेला दावा हायकोर्टाने निकालात काढला तो १९३७ मध्ये. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे!

काही मित्र म्हणतात, ही कौन्सिले म्हणजे इंग्रजांचा देखावा. मला हे अर्धेच पटते. महाडला निघालेल्यांच्या मागे तो ठराव उभा होता. आम्ही मागतो ती भीक नाही, मंजूर झालेला हक्क आहे, हे त्यांना ठणकावून सांगता आले. पण ठराव स्वतः तळ्यावर चालत जात नाही. माणसांना जावे लागते.

माझी आजी त्यानंतरही कित्येक वर्षे लोकल बोर्डाच्या विहिरीपासून दूर घागर ठेवून बसे. कुणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत. त्या ठरावाने ती विहीर तिची झाली होती. तिला हे कुणी सांगितलेच नाही.

आता फळ्यावर त्या चार सालांखाली मी १९२३ आणि १९२७ ही दोन साले लिहितो. अभ्यासक्रमात ती असोत वा नसोत.