गोड्या पाण्यातील मासे आणि जड धातू : तळे भरण्यापूर्वी काय पाहावे?

मासा घेताना आपण कल्ले लाल आहेत का, डोळा स्वच्छ आहे का, हे पाहतो. शिसे, कॅडमियम किंवा पारा या पाहणीत सापडत नाही. जड धातूंमुळे मासा नासत नाही, त्याला वास येत नाही; तळल्याने किंवा उकळल्याने धातू नष्टही होत नाहीत. म्हणून काळजी घ्यायची ती पाणी आणि जागा निवडतानाच.

शहराच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असलेल्या नदी-नाल्यातून आपण शेततळे भरत असाल, तर आधी वरच्या बाजूला काय चालते ते पाहा. विद्युत विलेपनाच्या कारखान्यांतून क्रोमियम, निकेल, कॅडमियम येते. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेतून शिसे येते. उजनीसारख्या मोठ्या जलाशयातही पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून पोहोचतेच. बागायतदारांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी : बोर्डोची भांडी व पंप शेततळ्यात धुऊ नयेत. मोरचुदातील तांबे खाणाऱ्यापेक्षा माशालाच आधी मारते. पाणी मृदू असेल तर फारच लवकर.

पाण्याचा अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. धातू मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. पाणी स्वच्छ आणि गाळ दूषित, असे सर्रास आढळते. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, त्यामुळे त्यांचा या गाळाशी थेट संबंध येतो. कटला वरच्या थरात राहतो. पाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचे मिथिल पारा या जास्त विषारी रूपात रूपांतर करतात आणि तो लहान माशातून मोठ्या माशात वाढत जातो. म्हणून दूषित पाण्यातील मोठी, जुनी मरळ अधिक जोखमीची.

शिसे व कॅडमियम मुख्यतः यकृत, मूत्रपिंड, कल्ले आणि हाडांत साठतात. आतडी, यकृत व कल्ले काढून टाकले तर हा भार बराच कमी होतो. मिथिल पारा मात्र मांसातच असतो, तो साफ करताना निघत नाही.

शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूला. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठून राहते व हाडेही ठिसूळ करते. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भातामुळे हेच घडले. मिथिल पाऱ्याचा परिणाम गर्भातील बाळाच्या मज्जासंस्थेवर होतो. मिथिल पाऱ्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. ५० किलोच्या गर्भवतीसाठी हे ८० मायक्रोग्रॅम होतात. माशात किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम मिथिल पारा असेल, तर आठवड्यात ३२० ग्रॅम मासा खाताच मर्यादा गाठली जाते. तेच प्रमाण ०.०५ असेल तर १.६ किलोपर्यंत. याचा अर्थ गर्भवतीने मासे सोडावेत असा नाही, ते चांगले प्रथिन आहे. स्वच्छ तळ्यातले, लहान वयाचे मासे निवडावेत.

तपासणीसाठी पाण्याबरोबर तळाच्या चार-पाच ठिकाणचा गाळ आणि त्याच तळ्यातील पाच-सहा मासे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. अहवाल ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे विचारून घ्या. माशाच्या मांसात ७५ ते ८० टक्के पाणी असते, त्यामुळे कोरड्या वजनावरचा आकडा चार-पाच पट मोठा दिसतो आणि उगाच घबराट होते. माशातील शिशाची कोडेक्स मर्यादा, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, ओल्या वजनावर आहे.

गाळात धातू निघाले तर चुना टाकून भागत नाही. सामू वाढल्याने बरेच धातू गाळात बांधून राहतात इतकेच. सामू उतरला की ते पुन्हा सुटतात. अशा तळ्यात बीज सोडू नका. आणि तो गाळ उपसून पालक-मेथीच्या वाफ्यात तर मुळीच टाकू नका. पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात.