मॉडेल रेल्वे इंजिन हुबेहूब खऱ्यासारखं कसं रंगवायचं? फोटो, डिकॅल आणि डीसीसी नंबरसह संपूर्ण माहिती

मॉडेल रेल्वेचा छंद असणाऱ्यांच्या बोलण्यात 'प्रोटोटाइप' हा शब्द सारखा येतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना, पण इथे अर्थ बरोबर उलटा आहे. प्रोटोटाइप म्हणजे रुळावरचं खरं इंजिन, आणि आपल्या हातातली ती त्याची नक्कल. बाजारातून आणलेल्या मॉडेलचा रंग आणि नंबर काढून त्याला एखाद्या ठराविक खऱ्या इंजिनाचं रूप कसं द्यायचं, ते आज बघूया. उदाहरणासाठी आपल्याकडचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन घेऊ, स्केल एचओ म्हणजे १:८७. खरं इंजिन सुमारे १७ मीटर लांब, मॉडेल साधारण २० सेंटिमीटर.

आधी नंबर आणि तारीख ठरवा

'डब्ल्यूडीएम-२ रंगवायचंय' एवढं पुरेसं नाही. कुठल्या नंबरचं आणि कुठल्या वर्षातलं, हे रंगाची बाटली उघडण्याआधी ठरायला हवं. कल्याण, पुणे अशा प्रत्येक शेडची रंगसंगती वेगळी असायची आणि तीही काळानुसार बदलायची. शिवाय काही डब्ल्यूडीएम-२ इंजिनांची पतियाळात पुनर्बांधणी होऊन ती ३१०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-३ए झाली आणि नंबरापुढे 'आर' लागला. म्हणजे नंबर जुना, रंग नवा आणि बॉडी तिसऱ्याच काळातली, असा गोंधळ सहज होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अमेरिकेहून आलेलं १८०४० हे डब्ल्यूडीएम-२ ठेवलंय. ते जवळून बघता येतं, मापं कळतात. पण संग्रहालयातला आजचा रंग म्हणजे सेवेत असतानाचाच रंग, असं धरून चालू नका.

म्हणून फोटोची तारीख महत्त्वाची. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो त्यातली तारीख आणि लोकेशनची माहिती गमावतो, त्यामुळे मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. रंगाच्या बाबतीत तर एका फोटोवर विश्वास ठेवूच नका. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स संध्याकाळचा निळा वेगळा दाखवतो, दुपारचा वेगळा. चार-पाच फोटो शेजारी ठेवा. स्वतः काढणार असाल तर प्लॅटफॉर्मवरूनच काढा. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जीव जातो तो वेगळाच.

अक्षरांचं माप फोटोतून

समोरून सरळ काढलेला फोटो घ्या. डब्ल्यूडीएम-२ चं नवीन चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं असतं. फोटोत चाक २४० पिक्सेल आणि नंबराची उंची ४४ पिक्सेल भरली, तर खरी उंची साधारण २०० मिलिमीटर. भागिले ८७, म्हणजे मॉडेलवर २.३ मिलिमीटर. चाकं घासून थोडी लहान होतात, पण फरक पडतो तो एक-दोन दशांश मिलिमीटरचा.

जुना रंग, नवा रंग

बॉडी चेसिसपासून वेगळी करा. जुना रंग काढायला ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, आधी बॉडीच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर चुकूनही नको, प्लॅस्टिक विरघळतं. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. मग प्रायमर, आधी फिका रंग, मास्किंग टेप, नंतर गडद रंग. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर दिलेले चांगले, नाहीतर रिव्हेटसारखे बारीक तपशील बुजतात.

डिकॅल: खरी परीक्षा

डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची पातळ फिल्म. भारतीय इंजिनावर नंबर आणि 'म रे'सारखी अक्षरं देवनागरीतही असतात, त्यामुळे परदेशी तयार शीट कामाला येत नाही, स्वतःच डिझाइन करावं लागतं. इंकस्केपमध्ये अक्षरं टाइप करून त्यांचं पाथमध्ये रूपांतर करा. नाहीतर प्रिंटवाल्याकडे तो फॉन्ट नसला की काना-मात्रा विस्कटल्याच म्हणून समजा. घरचा इंकजेट पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या अक्षरांसाठी पांढऱ्या टोनरचा प्रिंटर असलेली जागा शोधा.

डिकॅल लावण्याआधी ग्लॉस क्लिअर कोट मारायलाच हवा. मॅट पृष्ठभाग खरबरीत असतो, फिल्मखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी कडा दिसते. डिकॅल सेटिंग सोल्युशनने बसवा, पूर्ण वाळू द्या, शेवटी मॅट कोट.

नंबर डीकोडरमध्येही

मॉडेलमध्ये डीसीसी डीकोडर असेल तर इंजिनाचा नंबर हाच त्याचा पत्ता ठेवायची पद्धत आहे. अडचण अशी, की डीसीसीचा लांब पत्ता जास्तीत जास्त १०२३९, आणि बऱ्याच कंट्रोलरवर ९९९९ च. आपले नंबर पाच आकडी! म्हणून शेवटचे चार आकडे घ्यायचे: १८०४० साठी ८०४०. हाताने भरायचं असेल तर ८०४० ला २५६ ने भागा. भागाकार ३१, बाकी १०४. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ३१, म्हणजे २२३. सीव्ही १८ मध्ये १०४. सीव्ही २९ च्या आधीच्या किमतीत ३२ मिळवा, म्हणजे लांब पत्ता चालू होतो (आधीच चालू असेल तर मिळवू नका). जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळं स्वतः करतं, आणि ते लॅपटॉपवर चालू असलं की अँड्रॉइडवरच्या इंजिन ड्रायव्हर अ‍ॅपमधून मोबाइलवरच इंजिन चालवता येतं. फक्त शेवटचे चार आकडे सारखे असलेली दोन इंजिनं एका लेआउटवर ठेवू नका, दोन्ही एकदमच धावायला लागतील.